वळणावर कळतं

सरळ रेषेत चालणं हे मोठ्या मेंदूचं काम नव्हेच, असं मी व्याख्यानात म्हणालो की श्रोत्यांत कुणाची तरी चुळबुळ सुरू होते. शेवटी एखादे गृहस्थ गाठतातच. "मग डॉक्टर, अर्धांगवायूत पाय का लुळा पडतो?" प्रश्न रास्त आहे आणि त्याच्याकडे मी येईन, पण आधी माझं म्हणणं पुरतं मांडू द्या. रात्रीच्या बैलगाडीतून प्रवास केलेली माझ्या वयाची माणसं आता थोडीच उरली असतील. गाडीवानाला झोप लागली तरी बैल सरळ रस्त्यानं गाडी ओढत राहतात. गाडीवान जागा लागतो तो निघताना, फाट्यावर, ओढ्यात उतरताना आणि समोरून दुसरी गाडी आली तर. चालण्यात मोठ्या मेंदूची जागा तीच. पहिलं पाऊल, वळण, अरुंद दार, वाटेतला खड्डा आणि चालता चालता कुणीतरी मारलेली हाक, एवढ्या ठिकाणी त्याची खरी परीक्षा होते. रुग्णाला पाहायचं तर तिथे पाहावं. आमच्या क्षेत्रातले मोजमापवाले मात्र त्याला सरळ पट्टीवर चालवतात आणि नेमकं वळण आलं की घड्याळ थांबवतात. त्यांच्याशी माझं भांडण जुनं आहे, आणि भांडणाला दिवाळी अंकाइतकी ऐसपैस जागा दुसरीकडे मिळत नाही.

या भांडणात माझ्या बाजूनं पहिला साक्षीदार थॉमस ग्रॅहम ब्राउन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिव्हरपूलमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांचा दबदबा होता. चालणं म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी, असं तेव्हा मानत. तळवा जमिनीला टेकला की त्याची संवेदना मज्जारज्जूत जाते, तिच्यामुळे पुढचं पाऊल उचललं जातं, आणि असंच पुढे. ग्रॅहम ब्राउन त्याच प्रयोगशाळेत काम करत होते. १९११ साली त्यांनी भूल दिलेल्या मांजरांमध्ये मेंदूपासून मज्जारज्जू तोडला. शिवाय पायांकडून येणाऱ्या संवेदनांची मुळंही कापली. आता वरून हुकूम नाही आणि खालून खबर नाही. तरीही नडगीचा आणि पोटरीचा स्नायू आळीपाळीनं आकसत राहिले. चालण्याचा ताल खुद्द मज्जारज्जूतच निघाला. त्यांनी त्याचा उलगडाही सुचवला. पाय दुमडणारं एक अर्धकेंद्र, ताठ करणारं दुसरं. एक चालू असेतो दुसऱ्याला दाबून ठेवतं, ते थकलं की दुसरं उसळतं. आज यात पुष्कळ भर पडली आहे, पण सांगाडा तोच आहे.

आणि जगानं काय केलं? दुर्लक्ष. शेरिंग्टन यांच्या सावलीत हा निबंध पन्नासेक वर्षं पडून राहिला. ग्रॅहम ब्राउन पुढे कार्डिफला प्राध्यापक झाले आणि हळूहळू त्यांचं मन प्रयोगशाळेतून उठून डोंगरात रमलं. माँ ब्लाँच्या ब्रेन्वा कड्यावर १९२७ आणि १९२८ साली फ्रँक स्माइथ यांच्याबरोबर त्यांनी दोन नव्या वाटा काढल्या. पुढे श्रेयावरून दोघांचं बिनसलं. १९३६ साली नंदादेवीवर गेलेल्या ब्रिटिश-अमेरिकन मोहिमेतही ते होते, वय चौपन्न. शिखरावर टिलमन आणि ओडेल पोहोचले, हे पोहोचले नाहीत. चालण्याचं मूळ शोधणारा माणूस उरलेलं आयुष्य स्वतःच चालत राहिला, हे मला फार आवडतं. १९६५ साली ते गेले. १९६७ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गला लुंडबर्ग, यानकोव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारज्जू तोडलेल्या मांजराला एल-डोपा हे रसायन दिलं, आणि ग्रॅहम ब्राउन यांनी सांगितलं होतं तशाच अर्धकेंद्रांच्या जोड्या त्यांना रज्जूत सापडल्या. दोन वर्षांची चुकामूक.

मधल्या काळात दुसरा साक्षीदार मॉस्कोत तयार होत होता. शिक, सेव्हेरिन आणि ऑर्लोव्स्की या तिघांनी १९६६ साली मोठा मेंदू वेगळा केलेल्या मांजराला सरकत्या पट्ट्यावर धरलं आणि मध्यमेंदूतल्या एका इवल्या जागेला विजेचे बारीक झटके दिले. मांजर चालू लागलं. वीज वाढवली, दुडक्या चालीनं पळू लागलं. आणखी वाढवली, चौखूर उधळलं. पावलांचा सगळा तपशील खाली रज्जूत आधीच होता. वरून फक्त 'चल' आणि 'जोरात चल' एवढंच जात होतं. कुठे चल, हे मात्र त्या विजेत नव्हतं. तेवढ्या एका उणिवेत माझं सगळं म्हणणं सामावलं आहे.

तिसरा साक्षीदार थोडा आधीचा. १९४४ साली लिडेल आणि फिलिप्स यांनी मांजराच्या मोठ्या मेंदूकडून रज्जूकडे उतरणारा पिरॅमिडल मार्ग तोडला. सपाट जमिनीवर मांजर जवळपास पूर्वीसारखं चालत होतं. आडव्या शिडीच्या दांड्यांवर ठेवलं की पाय चुकायचे. पाऊल नेमकं कुठे टाकायचं हे ठरवायची वेळ आली, तेव्हाच वरच्या मालकाची उणीव भासली. लॅम्प्रे माशाच्या रज्जूतल्या अशाच तालावर स्टेन ग्रिल्नर यांनी स्टॉकहोममध्ये केलेलं मोठं काम इथे आवरतं घेतो. त्यावर वेगळा लेख हवा आणि तो दुसऱ्या कुणीतरी लिहावा.

आता गृहस्थांचा प्रश्न. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्यानं रज्जूवरचा लगाम मांजरापेक्षा पुष्कळ आवळून घेतला. म्हणून मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की आपला पाय लुळा पडतो, मांजरासारखा निभावून नेत नाही. पण पुढे काय होतं ते पाहा. पक्षाघाताचे कितीतरी रुग्ण काही महिन्यांत घरात चालू लागतात, आणि त्यांचा हात मात्र शर्टाचं बटण लावायला तयार नसतो. बोटांसाठी रज्जूत असा तयार ताल नाही, पायांसाठी आहे. तान्ह्या बाळाला काखेत धरून पाय टेकवले की ते पावलं टाकतं, हे मालिशवाल्या बाईलाही ठाऊक असतं. दोनेक महिन्यांत ती पावलं बंद होतात, तेव्हा पुस्तकं सांगत की मोठ्या मेंदूनं ती क्रिया दाबली. एस्थर थेलेन यांनी १९८४ साली अशा बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात धरलं आणि पावलं पुन्हा दिसू लागली. बाळाचे पाय गुटगुटीत, जड झाले होते, इतकंच. पुस्तकं अजून जुनंच छापतात.

पक्षाघात आणि रज्जू, नसा, स्नायू यांच्या आजारांतल्या चाली कोणत्याही पाठ्यपुस्तकात ओळीनं मिळतील, म्हणून भराभर जातो. पक्षाघाताचा ताठ पाय बाहेरून अर्धवर्तुळ काढत येतो. पावलाची नस गेली की गुडघा उंच उचलावा लागतो आणि पाऊल फटकन आपटतं. कुष्ठरोगात हे पूर्वी फार दिसे, आणि खुरपणीला तासन्तास उकिडवं बसणाऱ्या बायकांतही दिसतं. पोलिओचा रुग्ण मांडीवर हात रोवून चालायचा. भारतातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११चा, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यानं ती चाल लहान मुलात पाहिलेलीच नाही, आणि हे चांगलंच आहे. मांसपेशींच्या आजारातला मुलगा डुलत चालतो. आजार नसताना निराळंच चालणाऱ्यांबद्दल पॉल ब्लॉक यांनी १८८८ सालीच लिहून ठेवलं आहे.

दोन गोष्टींपाशी मात्र थांबतो, कारण त्या आपल्या मातीतल्या आहेत. पहिली लाखोळी. विदर्भात उमेदवारी केली तेव्हा लाखोळीच्या डाळीनं पाय गेलेली माणसं पाहिली. पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक तगतं, म्हणून गरिबाच्या पोटात तेच जातं. रीवाकडे वेठबिगारांना मजुरीच त्या धान्यात मिळे. महिनोनमहिने दुसरं फारसं काही खायला नसलं की पोटऱ्या ताठतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो, पावलं एकमेकांत अडकतात. सागर भागातला असा उद्रेक ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांनी १८४४ साली छापलेल्या पुस्तकात नोंदवला आहे. लाखोळीतलं विष म्हणजे एक अमिनो आम्ल, ते १९६४ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीच वेगळं काढलं. ॲक्टन यांनी १९२२ साली या रुग्णांची जी वर्गवारी केली ती मला अजून सर्वांत प्रामाणिक वाटते: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि सरपटणारा. यंत्र नको, गुणांकन नको. बिनकाठीच्या पायरीआधीचा रुग्ण मात्र सरळ चालताना कळत नसे. त्याला पळायला सांगितलं, किंवा पटकन मागे फिरायला सांगितलं, की कळे.

दुसरी गोष्ट बी-१२ची. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे किती सर्रास आहे, आणि शाकाहारी घरांत तर किती. रज्जूचा मागचा भाग खराब झाला की पायाला जमिनीची खबर नीट मिळत नाही, मग डोळे ती उणीव भरून काढतात. अशा माणसाची तक्रार ठरलेली: "डॉक्टर, डोक्यावर तांब्या ओतला की झोक जातो." किंवा देवळात डोळे मिटून हात जोडले की. अंधारात संडासला जाताना भिंत धरावी लागते. रोमबर्ग यांची खूण म्हणून जी शिकवतात ती हीच. आपल्याकडे ती न्हाणीघरात आपोआप तपासली जाते. आणि चप्पल पाहावी. या रुग्णाची चप्पल पायातून निसटते आणि तो चार पावलं अनवाणी पुढे गेलेला असतो, त्याला पत्ताच नसतो. ताठ पायवाल्याची चप्पलही निसटते, पण त्याला कळतं, आणि तिचा अंगठ्याकडचा भाग घासलेला असतो. दाराबाहेर चपला काढून आत या, असं सांगणाऱ्या दवाखान्यांना आपण काय बाहेर ठेवतो आहोत याची कल्पना नसते.

लघुमेंदूच्या आजारात माणूस पाय फाकवून, दारुड्यागत चालतो हे सगळ्यांना माहीत आहे. वळण मात्र इथेच फार शिकवून जातं. निरोगी माणूस वळतो तेव्हा आधी डोळे वळतात, मग मान, मग धड, मग पाय. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारून जाते. डॉ. नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ साली नऊ कुटुंबांचा अभ्यास छापला. त्या कुटुंबांत आनुवंशिक तोल जाण्याबरोबर नजरेची ही उडीच मंदावलेली होती. पुढे जनुकं सापडली तेव्हा त्या आजाराला एससीए-२ असं आकड्याचं नाव मिळालं. मुंबईच्या ओपीडीत नुसतं नीट पाहून लागलेला हा शोध जगाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी डोळे आणि चाल एकत्र पाहायला सुरुवात केली ती त्यानंतर.

आता माझं लाडकं प्रकरण. कंपवाताला, म्हणजे पार्किन्सन्सला, लोक हाताच्या कंपानं ओळखतात. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांचं वर्णन केलं, त्यातले काही त्यांना लंडनच्या रस्त्यात दिसले होते. त्यांनी चालीकडेही तेवढंच लक्ष दिलं: पुढे झुकलेलं अंग, आपोआप धावेत बदलणारं चालणं. यामागची आजची समजूत अशी की बेसल गँग्लिया, म्हणजे मेंदूच्या खोल भागातले पेशीपुंज, मध्यमेंदूतल्या त्या चालवणाऱ्या जागेला सतत दाबून धरतात आणि वेळ आली की सोडतात. पार्किन्सन्समध्ये ती पकड सुटत नाही. सरळ रस्त्यावर पाय एकदा लागले की रुग्ण बरा चालतो. निघताना, दारात आणि वळताना पाय जमिनीला चिकटतात. रुग्ण हाच शब्द वापरतात, "चिकटले". आणि तीनही जागा तुमच्या लक्षात आल्याच असतील.

जेम्स पर्डन मार्टिन हे लंडनचे डॉक्टर. पहिल्या महायुद्धानंतरच्या मेंदूज्वराच्या साथीनं ज्यांना पार्किन्सन्ससारखा आजार जडला, त्या रुग्णांना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९६७ साली बेसल गँग्लिया आणि देहाची ठेवण यांवर पुस्तक लिहिलं. जमिनीवर आडव्या रेषा आखल्या की थिजलेला रुग्ण त्या ओलांडत चालू लागतो, हे त्यांनी दाखवलं. उभ्या रेषांचा काही उपयोग होत नाही, आडव्याच लागतात. पाऊल पडायचं ठिकाण डोळ्यांना दिसलं की आतून येणाऱ्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. हे वाचल्यावर मी ज्या ज्या रुग्णालयात काम केलं तिथे तिथे फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवून घेतल्या, आणि जिथे तिथे हसं करून घेतलं. एका ठिकाणी रंगारी आला तेव्हा माझ्या पट्ट्या 'डाग' म्हणून पुसून टाकण्यात आल्या. वरिष्ठांपैकी एक जण म्हणाले होते, पट्ट्या मारून आजार बरा होत नसतो. खरं आहे, होत नाही. माणूस संडासपर्यंत पोहोचतो मात्र, आणि वाटेत पडून मांडीचं हाड मोडत नाही.

या पट्ट्यांनी मला आपल्या घरांकडे निराळ्या नजरेनं पाहायला शिकवलं. जुन्या वाड्याचा उंबरा सहज ओलांडणारे आजोबा मुलाच्या फ्लॅटमधल्या सपाट दारात थिजतात. उंबरा ही आयती आडवी रेषा होती. (इतर म्हाताऱ्यांना तो ठेच लावतो, हेही खरं.) जिना चढतात आणि दिवाणखान्यात अडतात, तेव्हा सुनेला वाटतं सोंग आहे. सोंग नाही. नेदरलँड्समध्ये ब्लूम आणि स्नायडर्स यांनी २०१० साली एक रुग्ण जगापुढे आणला. अठ्ठावन्न वर्षांचे हे गृहस्थ चार पावलं धड टाकू शकत नव्हते आणि सायकल मात्र झकास चालवत होते. उतरले की पुन्हा थिजले.

डोळ्यांसारखाच कानांचाही आधार चालतो. थाउट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की ठरावीक ठेक्याच्या सरावानं या रुग्णांचा वेग आणि पावलाची लांबी सुधारते. वारीत ज्यांनी पावली धरली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. माझे एक रुग्ण घरात ठोकळ्यासारखे बसून असत, पण दिंडीत टाळ हातात आला की पाऊल मागे-पुढे घेत चालायचे. टाळ थांबले की पाय थांबले. पुण्यात ऋषिकेश पवार यांनी २०१०च्या सुमारास पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले, तेव्हा आमच्यातल्या काहींनी त्याला करमणूक म्हटलं. त्यांनी एकदा वर्गाच्या दारात उभं राहून रुग्ण येताना आणि जाताना पाहायला हवे होते.

वयोमान या शब्दाबद्दल मला चीड आहे. बोगोटाचे सालोमोन हाकिम यांनी रेमंड ॲडम्स यांच्याबरोबर १९६५ साली जो आजार मांडला, त्यात मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठतं, चाल बिघडते, लघवी आवरत नाही, विसराळूपणा येतो. चाल बहुधा आधी जाते. पाय जमिनीवरून उचलत नाहीत आणि मागे फिरायला दहा-बारा छोटी पावलं लागतात, तिथे निरोगी माणसाला तीन-चार पुरतात. पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढलं आणि त्यानंतर चाल सुधारली, तर नळी बसवून उपयोग होण्याची आशा असते. असे किती आजोबा 'आता वय झालं' म्हणून खाटेवर निजवले गेले असतील! नट, मार्सडेन आणि थॉम्पसन यांनी १९९३ साली मेंदूच्या वरच्या पातळीवर बिघडणाऱ्या चालींचं वर्गीकरण केलं, त्यावर परिषदांत पुष्कळ रणं माजली. वर्गीकरण मला पाठ आहे, त्याचा उपयोग थोडा झाला. त्यापेक्षा स्वीडनच्या उमिओत लुंडिन-ऊल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली केलेलं साधं निरीक्षण मोलाचं. वृद्धाश्रमातल्या माणसांबरोबर चालताना त्यांच्याशी गप्पा सुरू करायच्या. बोलायला जे थबकतात, ते पुढच्या काळात पडण्याची शक्यता जास्त. यासाठी लागतो तो एक व्हरांडा आणि एक गप्पिष्ट नर्स.

व्हरांडेच आता कुठे आहेत? जुन्या सरकारी रुग्णालयांना लांब व्हरांडे होते. रुग्ण टोकाकडून येताना दिसायचा आणि तो खुर्चीपर्यंत पोहोचेतो निम्मं निदान झालेलं असायचं. आता रुग्ण चाकाच्या खुर्चीतून काचेच्या खोलीत आणला जातो, त्याच्या मांडीवर एमआरआयची पिशवी असते आणि ती आधी उघडली जाते. केसपेपरवर चालीच्या रकान्यात 'तपासता आली नाही' असं लिहिलेलं मी इतक्यांदा वाचलं आहे की आता रागही येत नाही. खोलीत तीन पावलं टाकायला जागा नसते, हे त्याचं खरं कारण. रेसिडेंटला एमआरआयमधला पांढरा ठिपका लगेच दिसतो. तो ठिपका सत्तरीतल्या पुष्कळांना असतो, हे त्याला नंतर सांगावं लागतं.

मोजमापवाल्यांची परंपराही जुनीच. पॅरिसमध्ये शार्को यांचे शिष्य जिल द ला तुरेत यांनी १८८६ साली रुग्णांच्या तळव्यांना लाल भुकटी लावून त्यांना कागदाच्या लांब गुंडाळीवर चालवलं आणि ठसे मोजले. देखणं काम आहे, पण कागद सरळच होता! आजचे संवेदक लावलेले गालिचे त्याच कागदाचे वंशज. खिशातला फोन हजारो पावलं मोजतो. १९९१ साली पोडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं अशी चाचणी आणली, तेव्हा मी मनापासून टाळी वाजवली. त्यात एकदाचं वळण आलं होतं. पण कागदावर लिहितात ते सगळ्याचे मिळून सेकंद. त्यातले किती वळणात गेले आणि त्या वेळी पाय काय करत होते, हे कुणी लिहीत नाही.

मध्यमेंदूतल्या त्या चालवणाऱ्या जागेजवळ तारा बसवून पार्किन्सन्सची चाल सुधारण्याचे प्रयत्न २००५ पासून झाले. गाजावाजा मोठा, फळ बेताचं. लोझानमध्ये ग्रेग्वार कुर्तीन यांच्या गटानं मज्जारज्जूला विजेची चेतना देऊन २०१८ साली पाय गेलेल्यांना उभं केलं, आणि २०२३ साली मेंदूतले संकेत टिपून ते रज्जूपर्यंत पोहोचवणारं यंत्रही केलं. ग्रॅहम ब्राउन यांनी दाखवलेला ताल अखेर एका माणसाच्या पायांत परत आला. मी ती चित्रफीत पाहतो तेव्हा माझी नजर तो माणूस किती मीटर चालला इकडे नसते. कुबड्या घेऊन तो दाराशी येतो आणि वळतो, तिथे मी ती थांबवतो आणि मागे नेतो. आमच्या नव्या इमारतीत चाल तपासायला दहा मीटरची पट्टी आखली आहे, तिच्या टोकाला भिंत आहे. माझी मागणी एवढीच आहे की भिंतीपाशी पोहोचल्यावर रुग्णाला डावीकडून मागे फिरायला सांगावं, मग उजवीकडून, त्याच वेळी त्याच्या नातवाचं नाव विचारावं, आणि घड्याळ चालू ठेवावं.